'सिग्निफिकंट' म्हणजे नेमकं काय?



मागच्या महिन्यात मी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मार्गदर्शक मॅडमना दिला. प्रबंध इंग्रजीत आहे. आठवड्याने मसुदा परत आला तेव्हा त्यात शेरे जवळजवळ नव्हतेच. फक्त एका शब्दाभोवती शिसपेन्सिलीने गोल केलेले होते. शब्द होता 'सिग्निफिकंट', आणि गोल होते १७. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : "प्रत्येक गोलापुढे मराठीत अर्थ लिहून आण."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. दोन संध्याकाळी गेल्या. पाच ठिकाणी मी 'महत्त्वाचा' असं लिहिलं, चार ठिकाणी 'बराच मोठा'. दोन ठिकाणी संख्याशास्त्रातला काटेकोर अर्थ लिहिता आला. उरलेल्या सहा ठिकाणी मला काहीच लिहिता येईना. म्हणजे ती वाक्यं मीच लिहिली होती, पण त्यांत मी काय म्हणतोय हे मलाच सांगता येत नव्हतं.

पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटची तयारी करणाऱ्या, आराखडा लिहायला घेतलेल्या तुमच्यासारख्यांसाठी हा लेख आहे. हा शब्द तुम्हाला रोज भेटणार आहे, आणि तो एकच शब्द नाही. एकाच आडनावाची सहा-सात वेगवेगळी घराणी असावीत तसं काहीसं आहे.

एक शब्द, अनेक घरं

आधी ओळख करून घेऊ. मूळ लॅटिन आहे : 'सिग्नम' म्हणजे खूण, आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. खूण करणारा, काहीतरी दाखवणारा, तो सिग्निफिकंट. मराठीतला 'लक्षणीय' बघा. लक्षण म्हणजे खूणच. दोन्ही शब्द खुणेपासून निघाले आणि 'लक्षात घेण्याजोगं, म्हणून मोठं' इथे येऊन पोचले. ही वाट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'सिग्निफिकंट फिगर्स' असतात. लांबी ४.५ सेंमी लिहिली आणि ४.५० सेंमी लिहिली, तर गणितात फरक नाही, पण मोजमापात आहे. दुसऱ्या आकड्यातला शेवटचा शून्य सांगतो की मोजणी शंभराव्या भागापर्यंत केली आहे. इथे सिग्निफिकंट म्हणजे 'मोजमापाची माहिती देणारा अंक'. तो मोठा असण्याची गरज नाही, इथे तर तो चक्क शून्य आहे!

संगणकाच्या वर्गात 'मोस्ट सिग्निफिकंट बिट' येतो. ७८९ मध्ये सर्वांत सिग्निफिकंट अंक ७, कारण त्याची स्थानिक किंमत सातशे. ९ हा अंक ७ पेक्षा मोठा असला तरी त्याला तो मान नाही. इथे अर्थ जागेवरून ठरतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ई. डी. हर्श भेटतात. १९६७ च्या 'व्हॅलिडिटी इन इंटरप्रिटेशन' या पुस्तकात त्यांनी 'मीनिंग' आणि 'सिग्निफिकन्स' वेगळे केले. लेखकाला जे म्हणायचं होतं तो अर्थ स्थिर. त्या अर्थाचं आपल्या काळाशी, आपल्या प्रश्नांशी जे नातं जुळतं ते सिग्निफिकन्स, आणि ते बदलत राहतं. कलासमीक्षेत क्लाइव्ह बेल यांनी १९१४ मध्ये 'सिग्निफिकंट फॉर्म' मांडला. तिथे रेषा आणि रंगांची जी रचना आपल्यात सौंदर्यभावना जागी करते तिला हे विशेषण आहे.

कायद्यातही तो आहे. अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यात, ज्या सरकारी कामाचा पर्यावरणावर 'सिग्निफिकंट' परिणाम होणार असेल त्यासाठी सविस्तर अहवाल बंधनकारक केला आहे. इथे हा शब्द म्हणजे एक उंबरठा आहे. तो ओलांडला की प्रशासनाला काम लागतं.

आणि आपल्या आराखड्याच्या पहिल्या प्रकरणात 'सिग्निफिकन्स ऑफ द स्टडी' असतंच. मराठीत आपण त्याला सरळ 'संशोधनाची गरज व महत्त्व' म्हणतो. इथे अर्थ महत्त्व, दुसरं काही नाही.

इथपर्यंत तक्रार नाही. शब्दाला अनेक अर्थ असणं हा दोष नव्हे. संदर्भ पाहून आपण अर्थ ओळखतो. अडचण तेव्हा होते जेव्हा एकाच प्रबंधात, कधीकधी एकाच वाक्यात, दोन अर्थ एकमेकांच्या जागी बसतात आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही. हे सर्वांत जास्त होतं ते संख्याशास्त्राच्या घरात.

संख्याशास्त्रातला अर्थ

एजवर्थ यांनी १८८५ मध्ये दोन सरासऱ्यांची तुलना करताना हा शब्द वापरला. प्रश्न असा होता : दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा आहे, की तो काही 'दाखवतो'? म्हणजे शब्द मुळाच्या, खुणेच्या अर्थाजवळ होता. पुढे रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स' या पुस्तकातून तो जगभरच्या संशोधकांच्या हातात दिला. विसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादा त्यांनी सोयीची म्हणून सुचवली. निसर्गात कुठे ०.०५ कोरलेलं नाही. शिवाय एकदा ही मर्यादा गाठली की काम संपलं, असंही फिशर यांचं मत नव्हतं. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा करून बहुतेक वेळा असा निकाल आला, तरच गोष्ट सिद्ध मानावी, असं त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं.

आता व्याख्या. पी-व्हॅल्यू म्हणजे : शून्य परिकल्पना आणि आपली बाकीची गृहीतकं खरी धरली, तर आपल्याला मिळाला तितका किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. ती ०.०५ पेक्षा कमी आली की आपण 'सिग्निफिकंट' म्हणतो. संपलं. या व्याख्येत 'मोठा', 'महत्त्वाचा' किंवा 'उपयोगी' यांपैकी एकही शब्द नाही. पुन्हा एकदा वाचून बघा.

विश्वास बसत नसेल तर एक नाणं घ्या. दहा वेळा उडवलं, आठ वेळा छापा आला. ८० टक्के! हिशेब केला तर पी-व्हॅल्यू येते ०.१०९. नॉट सिग्निफिकंट. आता दुसरं नाणं दहा हजार वेळा उडवलं, ५१०० वेळा छापा आला. ५१ टक्के. पी-व्हॅल्यू ०.०४७ च्या आसपास. सिग्निफिकंट!

क्रिकेटच्या नाणेफेकीसाठी यातलं कुठलं नाणं तुम्ही टाळाल? मी तर पहिलं खिशात ठेवून देईन. दुसऱ्या नाण्याचा कल खरा असेलही, पण तो इतका बारीक आहे की सामन्यात कुणाला जाणवणार नाही. पहिल्या नाण्याबद्दल पुरावा तोकडा आहे, पण संशयाला जागा आहे. 'सिग्निफिकंट' हा शिक्का यातलं काहीच सांगत नाही. तो फरकाच्या आकाराइतकाच नमुन्याच्या आकाराबद्दलही बोलत असतो.

शिक्का लागला, मग पुढे?

नाण्याचं ठीक आहे, कुणी म्हणेल. खऱ्या संशोधनात असं कुठे होतं? एक उदाहरण देतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जेमसिटाबाइन या औषधाबरोबर एर्लोटिनिब दिल्यास रुग्ण जास्त जगतात का, हे ५६९ रुग्णांवरच्या चाचणीत तपासलं गेलं. २००७ मध्ये निकाल छापून आला. मध्यक आयुर्मान : फक्त जेमसिटाबाइन घेणाऱ्यांचं ५.९१ महिने, दोन्ही औषधं घेणाऱ्यांचं ६.२४ महिने. पी-व्हॅल्यू ०.०३८. संख्याशास्त्राच्या भाषेत सिग्निफिकंट.

आता वजाबाकी करा. ०.३३ महिना, म्हणजे साधारण दहा दिवस. औषधाचा खर्च आणि दुष्परिणाम वेगळेच. दहा दिवस म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी हा आजार आहे त्याच्यासाठी दहा दिवसांची किंमत मी कोण ठरवणार? पण ते ठरवण्यासाठी त्या घराला 'दहा दिवस' हा आकडा कळला पाहिजे. 'आयुर्मानात सिग्निफिकंट वाढ' एवढंच त्यांच्या कानावर पडलं, तर नातेवाईक काय समजतील? वर्षभर तरी मिळेल, असंच समजतील. संशोधक तांत्रिक अर्थाने बोलतो, ऐकणारा रोजच्या अर्थाने ऐकतो, आणि दोघांनाही वाटतं की निरोप पोचला. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर लिहिणाऱ्याने अभिधा वापरली, वाचणाऱ्यापर्यंत व्यंजना पोचली.

उलट दिशेची चूक

ही चूक निदान चर्चेत तरी येते. तिची जुळी बहीण जास्त घातक आहे : 'नॉट सिग्निफिकंट' म्हणजे 'फरक नाही'.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न थेट गेला होता. मॅट्रिक्स इनिशिएटिव्ह्ज ही कंपनी सर्दीवर नाकात घालायचं झायकॅम हे औषध विकत होती. ते वापरल्यावर वास येईनासा झाला, अशा तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. गुंतवणूकदारांना त्या सांगितल्या नाहीत म्हणून दावा झाला. कंपनीचा युक्तिवाद असा : तक्रारींची संख्या संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिग्निफिकंट नाही, सबब त्या सांगण्याजोग्या नाहीत. २२ मार्च २०११ रोजी न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं होतं. फक्त संख्याशास्त्रीय सिग्निफिकन्स नाही म्हणून माहिती बिनमहत्त्वाची ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

यातली गंमत पुढे आहे. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने कुठली माहिती महत्त्वाची, याची अमेरिकन कायद्यात जुनी कसोटी आहे : ती माहिती मिळाल्याने एकूण चित्र 'सिग्निफिकंटली' बदललं असतं का? म्हणजे वाद चालला होता एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये. कंपनी एका घराच्या किल्लीने दुसऱ्या घराचं कुलूप उघडायला गेली होती, आणि न्यायालयाने तिला हटकलं.

आता आपल्याकडे या. शिक्षणशास्त्राचे, समाजकार्याचे प्रबंध ग्रंथालयात उघडून बघा. 'दोन्ही गटांच्या मध्यमानांत लक्षणीय फरक आढळून येत नाही. म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो. यावरून दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत असा निष्कर्ष निघतो.' हा साचा इतका मुरलेला आहे की आपण तो डोळे मिटून लिहितो. पण पहिल्या वाक्यावरून तिसरं निघत नाही. डग्लस आल्टमन आणि मार्टिन ब्लँड यांनी १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटं टिपण याच विषयावर लिहिलं. त्याचा गाभा असा : पुरावा न सापडणं आणि नसल्याचा पुरावा सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं दहा फेकींचं नाणं आठवा. त्या निकालाशी सुसंगत ठरणारी छाप्याची खरी शक्यता साधारण ४४ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. नाणं अगदी सरळ असेल, किंवा जवळजवळ दरवेळी छापाच देणारं असेल. 'फरक नाही' असं हा निकाल सांगत नाही. तो सांगतो, 'अजून कळलेलं नाही.'

आणि इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. माझ्या १७ गोलांपैकी एक याच साच्यातला होता. मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवण्याचा एक उपक्रम मी दोन लहान गटांवर तपासला होता. फरक सिग्निफिकंट आला नाही. मी लिहून मोकळा झालो की उपक्रम परिणामकारक नाही, आणि पाचव्या प्रकरणाच्या टिपणात शिफारसही करून ठेवली होती की तो बंद करून तास दुसऱ्या कामासाठी वापरावा. मॅडमनी विचारलं, "किती मुलं होती? आणि सरासरीचा कल कुणीकडे होता?" मुलं थोडी होती, आणि कल उपक्रमाच्या बाजूने होता. "मग तुला कळलं नाही, असं लिही. चाललं नाही, असं लिहू नकोस. उद्या कुणी तुझी शिफारस वाचून खरंच तो तास काढून टाकला तर?"

प्रबंध कोण वाचतो, असं आपण हसत म्हणतो. पण एखादा मुख्याध्यापक, एखादा अधिकारी शेवटचं प्रकरण वाचतोच. तेवढंच वाचतो.

शब्दच टाकून द्यावा का?

हा घोळ बाहेरच्यांनाही छळत होता. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-व्हॅल्यूबद्दल सहा तत्त्वांचं निवेदन काढलं. त्यातलं एक तत्त्व आपल्या कामाचं : पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा निकालाचं महत्त्व मोजत नाही. २०१९ मध्ये त्यांच्याच नियतकालिकाच्या विशेषांकाच्या संपादकीयात तर 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' हा शब्दप्रयोगच सोडा, असं सांगितलं गेलं. त्याच महिन्यात 'नेचर'मध्ये याच मागणीचा लेख आला आणि ८०० हून जास्त संशोधकांनी त्याला पाठिंबा दिला.

मागणीमागचं निदान मला पटतं. उपाय अर्धाच पटतो. शब्द काढला तरी सवय राहते. ०.०५ च्या अलीकडे आनंद आणि पलीकडे निराशा ही विभागणी डोक्यातून गेली नाही, तर लोक दुसरा शब्द शोधतील. 'स्पष्ट', 'ठळक', 'उल्लेखनीय', काहीही चालेल त्यांना. शिवाय जुनं सगळं संशोधन याच शब्दात लिहिलेलं आहे, ते वाचायला तो कळावाच लागतो. तेव्हा मी म्हणेन, शब्दावर बंदी नको, पण त्याला एकट्याने फिरू देऊ नका. सोबत आकडा हवा.

मराठीची चाळणी

मॅडमच्या त्या एका ओळीत मला जास्त चांगला उपाय दिसतो. इंग्रजीत सगळी घराणी एका आडनावाखाली लपतात. मराठीत लिहायला बसलं की निवड करावी लागते : महत्त्वाचा? मोठा? अर्थपूर्ण? की योगायोगाने सहसा न येणारा? निवड करता येत नसेल तर शब्द कळलेला नाही.

पण मराठीही सुरक्षित आहे असं समजू नका. 'लक्षणीय' हा शब्द वर्तमानपत्रं 'लक्षणीय वाढ', 'लक्षणीय घट' असा मोठेपणाच्या अर्थानेच वापरतात, त्यामुळे तिथे इंग्रजीचाच सापळा परत येतो. 'सार्थक फरक' लिहिणारेही आहेत. पण आपण 'जन्माचं सार्थक झालं' म्हणतो, आणि 'सार्थ ज्ञानेश्वरी' म्हणजे अर्थासह छापलेली ज्ञानेश्वरी. तेव्हा 'सार्थक फरक' वाचून सामान्य वाचकाला फरकाचं भलं झालं असंच वाटायचं! म्हणून कुठलाही एक प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. पूर्ण वाक्यच उलगडावं लागतं.

कसं उलगडायचं? 'उपक्रमाचा सिग्निफिकंट परिणाम दिसला' याऐवजी चार गोष्टी लिहा. फरक किती होता, आपल्या चाचणीच्या गुणांत. त्या अंदाजाची दोन्ही टोकं, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, कुठे आहेत. पी-व्हॅल्यू किती, नेमका आकडा, नुसतं '०.०५ पेक्षा कमी' नको. आणि एवढा फरक वर्गात, दवाखान्यात किंवा शेतात कुणाला जाणवेल का, हे तुमच्या विषयाच्या जाणकारीने. चौथी गोष्ट सॉफ्टवेअर देणार नाही. तिच्यासाठीच तर तुम्ही संशोधक आहात.

माझ्या १७ गोलांचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. 'महत्त्वाचा' आणि 'मोठा' अर्थाचे नऊ शब्द मी साध्या इंग्रजी शब्दांनी बदलले, आणि मोठा म्हटलं तिथे किती मोठा तेही लिहिलं. अर्थ न सापडलेल्या सहांपैकी दोन नुसते शोभेचे निघाले. तिथे कुठली चाचणीच केलेली नव्हती, शब्द भारदस्त वाटला म्हणून घातला होता. ती वाक्यं काढून टाकली. उरलेले चार आणि आधीचे दोन असे सहा आता प्रकरणात आहेत, प्रत्येकाशेजारी त्याचे आकडे आहेत. वाचून दाखवण्याच्या उपक्रमाची ती शिफारस आता तिथे नाही. तिच्या जागी लिहिलं आहे की जास्त मुलांवर हे पुन्हा तपासायला हवं.

तुमच्याकडे आराखड्याचा मसुदा असेल तर आज रात्री एक शिसपेन्सिल घ्या आणि गोल करा. किती निघाले, आणि त्यांतल्या कितींपुढे मराठी अर्थ लिहिता आला, ते मला जरूर कळवा.